वाफेच्या इंजिनाची फ्लँज कशी आखावी: रुळापासून टायरपर्यंत

चाकाच्या आतल्या बाजूला असलेली कडा म्हणजे फ्लँज. इंजिन रुळावर राहतं ते तिच्यामुळे, असं सगळेच धरून चालतात. त्यामुळे चाकाचं ड्रॉइंग करायला बसलं की बहुतेक जण हात आधी फ्लँजलाच घालतात. एखादं जुनं ड्रॉइंग मिळवायचं, त्यातली उंची-जाडी उचलायची आणि आपल्या चाकावर बसवायची. मला हा क्रम चुकीचा वाटतो. फ्लँज सगळ्यांत शेवटी आखायची असते. तिचं जवळजवळ प्रत्येक माप रूळ, क्रॉसिंग (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) आणि वळण ठरवतं. ही तिन्ही मापं हातात असली की फ्लँजची आकृती आपोआप जुळून येते, आणि ती नसतील तर सुरेख काढलेली फ्लँजही पहिल्या सांध्यावर दगा देते.

उदाहरणासाठी आपल्याकडच्या ब्रॉडगेजची वाफेची इंजिनं घेतो: १७०२ मिमी व्यासाच्या चाकांचं, प्रवासी गाड्या ओढणारं डब्ल्यूपी आणि १५६२ मिमी चाकांचं, मालगाड्यांचं डब्ल्यूजी. मापं माहितीतली आहेत आणि पडताळूनही पाहता येतात. घरच्या वर्कशॉपमध्ये छोटं इंजिन करणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे. पण त्यांनीही मधला भाग गाळू नये, पायऱ्या त्याच आहेत.

आधी हे पक्कं करा: सरळ मार्गावर फ्लँजला काम नसतं

चाकाचा जो पट्टा रुळावर फिरतो त्याला ट्रेड म्हणतात. हा पट्टा सपाट नसतो, त्याला २० ला १ असा उतार असतो आणि फ्लँजकडच्या बाजूला व्यास जास्त असतो. दोन्ही चाकं ॲक्सलवर घट्ट बसलेली असल्यामुळे जोडी डावीकडे सरकली की डावं चाक मोठ्या व्यासावर आणि उजवं लहान व्यासावर फिरू लागतं. डावीकडचं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि जोडी स्वतःहून मध्यावर परतते.

वळणावरही हेच होतं, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा काढून बघू. चाकाची त्रिज्या आणि दोन रुळांवरच्या स्पर्शबिंदूंमधलं अर्धं अंतर यांचा गुणाकार करा आणि त्याला उताराने भागा. डब्ल्यूपीच्या चाकासाठी ०.८५१ गुणिले ०.८७५ भागिले ०.०५, म्हणजे साधारण १४.९. आता याला वळणाच्या त्रिज्येने भागलं की जोडीला मध्यापासून किती सरकावं लागेल ते मीटरमध्ये मिळतं. ब्रॉडगेजवर नव्या चाकाला मध्यापासून दोन्हीकडे ९.५ मिमी मोकळीक असते (ती कुठून येते ते पुढे येईलच). १४.९ ला ०.००९५ ने भागलं तर उत्तर येतं साधारण १५७० मीटर.

म्हणजे १५७० मीटरपेक्षा तीव्र वळणावर एकट्या, मोकळ्या ॲक्सललाही नुसत्या उतारावर निभावत नाही, फ्लँज रुळाला टेकतेच. आपल्याकडे एक अंशाचं वळण म्हणजे १७५० मीटर त्रिज्या. तेव्हा दीड अंशाचं मामुली वळणसुद्धा फ्लँजच्या वाट्याला येतं. पुढच्या ट्रकच्या (इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या चाकगाड्याच्या) लहान चाकाचं मात्र बरं असतं. ९१४ मिमी व्यासाच्या चाकासाठी तोच हिशेब साधारण ८४० मीटरवर येतो. इंजिनाच्या तोंडाशी लहान चाकं असण्याचे अनेक फायदे आहेत, त्यातला हा एक, आणि याची दखल फार कमी घेतली जाते.

पायरी १: रुळाची मापं घ्या, ड्रॉइंगवरची नव्हे, जमिनीवरची

तुमचं इंजिन ज्या मार्गावर चालणार आहे तिथे जाऊन या गोष्टी मोजा आणि लिहून ठेवा. गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर (ब्रॉडगेजवर १६७६ मिमी), अनेक ठिकाणी मोजा. सरासरी काढू नका, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशी दोन्ही टोकं नोंदवा. क्रॉसिंगच्या नाकासमोर (जिथे दोन रूळ टोकदार होऊन मिळतात त्याच्या समोर) मुख्य रुळाच्या आतून बसवलेला जादा रूळ म्हणजे चेक रेल, तिची मुख्य रुळापासूनची फट मोजा. ब्रॉडगेजवर ती ४४ ते ४८ मिमी असते. फ्लँज जिथून जाते त्या खाचेची रूळपृष्ठापासूनची खोली मोजा, ब्रॉडगेजवर ती कमीत कमी ३८ मिमी हवी. रुळाच्या डोक्याच्या आतल्या कोपऱ्याची त्रिज्या रेडियस गेजने बघा. मीटरला ५२ किलो आणि ६० किलो वजनाच्या रुळांवर ती १३ मिमी असते. आणि सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या काढा. ब्रॉडगेजवर १० अंश, म्हणजे १७५ मीटर ही हद्द आहे, यार्डात आणि साइडिंगवर तिच्याशी गाठ पडू शकते.

जुना, झिजलेला रूळ असेल तर कोपऱ्याची त्रिज्या नव्या रुळाची धरू नका. झिजून त्या रुळाचा आतला काठ उतरता झालेला असतो आणि फ्लँजचा त्याच्याशी होणारा स्पर्श पूर्ण वेगळा असतो.

पायरी २: बॅक-टू-बॅक ठरवा

एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर म्हणजे बॅक-टू-बॅक. सगळ्या हिशेबात मी सर्वांत जास्त जपतो ते हे माप. फ्लँज थोडी जाड-बारीक झाली तर झीज वाढते, बॅक-टू-बॅक चुकलं तर चाक क्रॉसिंगवर चढतं.

ब्रॉडगेजवर ते १६०० मिमी असतं, वर २ आणि खाली १ मिमी सूट. म्हणजे १५९९ ते १६०२. हा आकडा दोन बाजूंनी बांधलेला आहे. खालची बाजू अशी: दोन्हीकडे ४४ मिमी फट असेल तर चेक रेल आणि विंग रेल (नाकाच्या बाजूने वळवलेला रूळ) यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १६७६ वजा ८८, म्हणजे १५८८ होतं. चाकांच्या पाठी याच्या बाहेरून सुखाने गेल्या पाहिजेत. १५९९ असताना ११ मिमी मोकळीक राहते, तेव्हा ठीक.

वरची बाजू जास्त नाजूक आहे. क्रॉसिंगच्या नाकापाशी एका बाजूचा रूळ तुटक असतो. तिथे चाकाला सांभाळते ती समोरची चेक रेल. ती पलीकडच्या चाकाची पाठ धरून अख्खी जोडी आपल्याकडे ओढून ठेवते, म्हणून नाकाकडची फ्लँज नाकावर आपटत नाही. चेक रेलच्या कडेपासून नाकाच्या कडेपर्यंतचं अंतर १६७६ वजा ४४, म्हणजे १६३२. चाकाच्या बाजूने पाहिलं तर बॅक-टू-बॅक अधिक एका फ्लँजची जाडी: १६०२ अधिक २८.५, म्हणजे १६३०.५. हातात उरलं दीड मिमी. चेक रेल झिजली आणि फट वाढली की हे दीड मिमी बघता बघता संपतं. म्हणून नाकावर फ्लँजचे चट्टे दिसू लागले तर आधी चेक रेलची फट मोजा आणि मगच चाकाला दोष द्या.

तुमचा मार्ग वेगळा असेल तर याच दोन वजाबाक्या तुमच्या आकड्यांनी करा. दोन्हींच्या मध्ये जे अंतर निघेल ते तुमचं बॅक-टू-बॅक.

पायरी ३: जाडी

आता जाडी उरते ती साध्या हिशेबाने. गेज १६७६, त्यातून १६०० आणि दोन फ्लँजांचे मिळून ५७ वजा केले की १९ मिमी मोकळीक राहते. मध्यापासून प्रत्येक बाजूला ९.५. फ्लँजची २८.५ मिमी जाडी टोकापासून १३ मिमी अंतरावर मोजायची असते. ड्रॉइंगवर हे अंतर लिहिलं नाही तर जाडीच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, कारण फ्लँज उतरती असते.

मोकळीक कमी ठेवली तर इंजिन सरळ मार्गावर शांत धावेल, पण वळणात आवळेल. जास्त ठेवली तर वळणात सुटसुटीत, पण सरळ मार्गावर डोलेल. डब्ल्यूपीच्या चाकाची मोकळी जोडी साधारण २४ मीटरला एक डुलकी पूर्ण करते. ताशी १०० किमी वेगाला सेकंदाला साधारण १.१५ डुलक्या होतात. ट्रेड झिजून उतार दुप्पट झाला की हीच लांबी १७ मीटरवर येते आणि डुलकीचा वेग वाढतो. जोडदांड्यांनी (चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यांनी) बांधलेली, एकाच फ्रेममधली चाकं इतकी मोकळी नसतात, त्यामुळे त्यांचं डोलणं संथ असतं. तरीही हा हिशेब करून ठेवावा.

पायरी ४: उंची आणि टोक

ही पायरी लहान आहे. उंचीला खाचेची खोली बांधून ठेवते. नवी फ्लँज २८.५ मिमी उंच असते. ट्रेड झिजतो, फ्लँजचं टोक झिजत नाही, म्हणून चाक वापरात असताना फ्लँज उंच होत जाते. ३५ मिमीला चाक बाद करतात, कारण खाच ३८ मिमीचीच आहे आणि त्यापुढे फ्लँज क्रॉसिंगमधल्या ठोकळ्यांना आणि रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या बोल्टांना लागेल. तेव्हा नवी उंची ठरवताना झिजेसाठी जागा राखलेली हवी.

टोक गोल हवं. टोकाची त्रिज्या ५ मिमीपेक्षा कमी झाली की तिला शार्प फ्लँज म्हणतात. अशी फ्लँज मार्ग बदलण्याच्या सांध्यावर टंग रेल (सरकणारा टोकदार रूळ) आणि स्टॉक रेल (त्याच्या शेजारचा स्थिर रूळ) यांच्यातल्या बारीकशा फटीत पाचरीसारखी घुसू शकते. पुढचं चाक एका मार्गाने आणि मागचं दुसऱ्या मार्गाने, असा प्रकार तिथून सुरू होतो.

पायरी ५: कोन आणि मुळाची त्रिज्या

खरी गोम इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या.

वळणात बाहेरच्या रुळाला फ्लँज घासते तेव्हा दोन बलं एकमेकांशी झुंजत असतात. चाकावरचं वजन त्याला खाली दाबतं. रूळ त्याला आडवं ढकलतो. फ्लँजचा पृष्ठभाग तिरका असल्यामुळे हे आडवं बल चाकाला वरही चढवू बघतं. भर म्हणजे चाक फिरत असतं, आणि स्पर्श ॲक्सलच्या बरोबर खाली न होता किंचित पुढे होतो, त्यामुळे घर्षणही चाकाला वर खेचतं. फ्लँज चढायला लागते ती आडवं बल वजनाच्या एका ठरावीक पटीपलीकडे गेलं की. ही पट काढण्याचं सूत्र फ्रेंच अभियंता नादाल याच्या नावाने ओळखलं जातं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं हे सूत्र आजही वापरतात.

सूत्र असं: फ्लँजच्या कोनाचा टॅन घ्या, त्यातून घर्षणांक वजा करा. मग टॅन गुणिले घर्षणांक अधिक एक, याने भागा.

ब्रॉडगेजच्या फ्लँजचा उतार अडीचास एक आहे, म्हणजे कोन साधारण ६८ अंश आणि टॅन २.५. घर्षणांक ०.३ धरला तर २.२ भागिले १.७५, म्हणजे १.२६. चाकावर ९ टन वजन असेल तर आडवं बल सुमारे ११ टन होईपर्यंत फ्लँज चढत नाही. कोन ६० अंशांवर आणला तर पट ०.९४ वर घसरते, म्हणजे जेमतेम साडेआठ टन. ४५ अंशांवर ०.५४. कोनात आठ अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण सुरक्षेचा एक चतुर्थांश भाग तो खाऊन टाकतो.

आता घर्षण बदलून बघा. ६८ अंशांवरच घर्षणांक ०.५ केला, म्हणजे नुकतंच लेथवरून आलेलं खरबरीत चाक आणि कोरडा रूळ, तर पट ०.८९ होते. ०.१ केला, म्हणजे फ्लँजला वंगण, तर १.९२. ताज्या टर्निंग केलेल्या चाकाची फ्लँज चढण्याची शक्यता जास्त का असते, आणि तीव्र वळणांच्या मार्गावर फ्लँजला वंगण का देतात, हे या तीन आकड्यांत स्पष्ट होतं. वंगण मात्र फ्लँजच्या बाजूलाच हवं. ते रुळाच्या माथ्यावर आलं की इंजिनाची चाकं जागीच गरगरतात, आणि घाटात तर ते परवडणारच नाही.

हिशेबातली दुसरी बाजू वजनाची. एखादी स्प्रिंग खचलेली असेल आणि पुढच्या चाकावर ९ ऐवजी ५ टनच येत असतील तर तीच फ्लँज सव्वासहा टनांना चढेल. फ्लँज चढून इंजिन उतरलं की सगळे फ्लँजकडे बघतात. स्प्रिंगा आणि चाकांवरचं वजन आधी तपासलं पाहिजे.

मग कोन ८५ अंश का करू नये? कारण वळणात चाक रुळाला अगदी समांतर नसतं, थोडं तिरकं चालतं. जवळजवळ उभी फ्लँज आपल्या काठाने रुळाला खरवडते आणि नवी असतानाच झिजून स्वतःचा कोन बदलून घेते. ६५ ते ७० अंशांची पट्टी अनुभवाने ठरलेली आहे, तिच्यात राहा.

फ्लँज आणि ट्रेड जिथे मिळतात तिथला गोलावा म्हणजे रूट रेडियस. जुन्या ब्रॉडगेज प्रोफाइलमध्ये तो १६ मिमी होता, पुढे वापरात आलेल्या वर्न व्हील प्रोफाइलमध्ये (झिजलेल्या चाकाच्या आकारावर बेतलेल्या) १४. रुळाचा कोपरा १३ मिमीचा आहे हे लक्षात घ्या. मुळाची त्रिज्या कोपऱ्यापेक्षा मोठी असेल तर चाक सरकताना रुळावर हळूहळू टेकत जातं, स्पर्श एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सलग सरकतो. ती कोपऱ्यापेक्षा लहान असेल तर चाक एकाच वेळी माथ्यावर एक आणि बाजूला एक अशा दोन ठिकाणी टेकतं. त्या दोन बिंदूंचे व्यास वेगळे, त्यामुळे त्यांतला एक सतत घसटतच राहतो. धातू सोलून निघतो तो इथे. वापरात रूट रेडियस १३ च्या खाली आला की चाक बाद करण्याचा नियम आहे, आणि रुळाच्या कोपऱ्याचा आकडाही तोच आहे.

पायरी ६: लांब व्हीलबेस वळणात बसतो का?

वाफेच्या इंजिनाचा खास प्रश्न हा आहे. डब्याखाली फिरती बोगी असते. इंजिनाच्या जोडचाकांच्या (दांड्यांनी एकत्र बांधलेल्या चाकांच्या) तीन, चार किंवा पाच जोड्या एकाच ताठ फ्रेममध्ये ओळीने बसलेल्या असतात. वळणात टोकाच्या दोन चाकांच्या फ्लँजा बाहेरच्या रुळाला टेकल्या असं धरलं तर मधलं चाक आतल्या बाजूला किती जातं? व्हीलबेसचा (पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधल्या अंतराचा) वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठ पट.

समजा व्हीलबेस ५ मीटर आणि वळण १७५ मीटर. २५ भागिले १४००, म्हणजे जवळपास १८ मिमी. मोकळीक १९ आहे, तेव्हा इंजिन जेमतेम मावेल. व्हीलबेस ६.५ मीटर केला तर ३० मिमी लागतील, ११ कमी पडले. इथे चार उपाय आहेत: वळणावर गेज वाढवणं, टोकाच्या ॲक्सलला बाजूला सरकण्याची मुभा देणं, मधल्या चाकांची फ्लँज बारीक करणं, किंवा ती काढूनच टाकणं.

फ्लँज काढून टाकण्याचं ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश रेल्वेचं ९एफ, पाच जोडॲक्सल असलेलं मालगाडीचं इंजिन. जोडचाकांचा व्हीलबेस २१ फूट ८ इंच, म्हणजे ६.६ मीटर. ४०० फूट त्रिज्येच्या वळणात मधलं चाक ४४ मिमीहून जास्त आत जातं. कुठलीच फ्लँज याला पुरणार नाही, म्हणून मधल्या चाकांना फ्लँजच ठेवली नाही. ते त्या काळी उत्तम चाललं. पण पुढे ब्रिटनच्या मुख्य मार्गांवर रूळपृष्ठाहून उंच चेक रेल आल्या. आत सरकलेलं बिनफ्लँजचं चाक तिच्यावर आपटण्याचा धोका म्हणून जतन केलेल्या ९एफ इंजिनांना त्या मार्गांवर बंदी आली. बिनफ्लँजचं चाक योजत असाल तर त्याचा ट्रेड रुंद ठेवा आणि तुमच्या मार्गावर रुळापेक्षा उंच काही नाही ना, हे चालून बघा.

माझी स्वतःची पसंती ॲक्सलला मोकळीक देण्याला आहे. आपल्या महाराष्ट्रात त्याचा देखणा नमुना होता. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या ६१० मिमी मार्गावर २० ला १ चढ आणि आवळती वळणं. तिथली ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची सहा जोडचाकांची टँक इंजिनं क्लीन-लिंडनर पद्धतीची होती. या पद्धतीत टोकाची चाकं एका पोकळ ॲक्सलवर बसतात. त्याच्या पोटात दुसरा, ताठ ॲक्सल असतो आणि दोघांना मधोमध एक गोल सांधा जोडतो. क्रँक आतल्या ॲक्सलवर, त्यामुळे जोडदांड्या सरळच राहतात, बाहेरचा पोकळ ॲक्सल मात्र चाकांसकट वळणाप्रमाणे तिरका होतो आणि बाजूलाही सरकतो. फ्लँज रुळाला खरवडण्याऐवजी त्याच्याबरोबर वळते. बांधायला कठीण, सांभाळायला त्याहून कठीण, पण विचार अस्सल.

माथेरानच्या या कामात सल्लागार असलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच त्याआधी बार्शी लाइट रेल्वे उभारली होती, ७६२ मिमी गेजची, १८९७ पासून धावणारी. प्रत्येक ॲक्सलवर ५ टनांहून जास्त भार नको, हा तिथला त्यांचा आग्रह. वजन वाटायचं म्हणजे ॲक्सल वाढवायचे, म्हणून किटसनच्या कारखान्यातून आली ती चार जोडॲक्सलची इंजिनं. रूळ हलका ठेवला की ॲक्सल वाढतात, ॲक्सल वाढले की व्हीलबेस लांबतो, आणि मग प्रश्न फ्लँजच्या दारात येतो. फ्लँजचा हिशेब रुळापासून सुरू करायचा तो यासाठीच.

पायरी ७: टायर चढवणं आणि टर्निंग

मोठ्या इंजिनाची फ्लँज चाकाच्या मूळ ओतीव भागावर नसते, ती पोलादी टायरवर असते. बैलगाडीच्या चाकाला लोहार तापवलेली धाव चढवतो, तीच ही रीत. टायरचा आतला व्यास चाकापेक्षा हजारात एक भाग लहान ठेवतात, दीड मीटरच्या चाकाला सुमारे दीड मिमी. पोलाद तापून तेवढं फुगायला तापमान ऐंशी-नव्वद अंशांनी वाढवावं लागतं. सहज सरकायला त्याहून बरंच जास्त तापवायचं, आणि तेही सगळीकडून सारखं. थंड झाल्यावर हातोडीने टायर वाजवून बघा. घट्ट बसलेला टायर खणखणतो, ढिला बद्द वाजतो. टायर आणि चाक यांच्यावर मिळून एक रंगाची रेघ मारून ठेवली की ब्रेकच्या उष्णतेने टायर सरकला तर लगेच कळतं.

टर्निंग टायर चढवल्यावरच करायचं, आधी नाही. चढताना टायर थोडा ताणला जातो आणि आधी केलेलं प्रोफाइल बिघडतं. एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक राहू देऊ नका. जोडदांड्यांनी बांधलेल्या सगळ्या चाकांचे व्यासही जुळले पाहिजेत, नाहीतर दांड्या त्यांना एकाच गतीने फिरवणार आणि त्यातलं एखादं चाक कायम घसरत राहणार.

झिजलेली फ्लँज पुन्हा पूर्ण जाडीची करायची तर किंमत मोजावी लागते. फ्लँजचा उतार अडीचास एक असल्यामुळे १ मिमी जाडी परत मिळवायला ट्रेडवरून अडीच मिमी, म्हणजे व्यासातून ५ मिमी धातू उतरवावा लागतो. चार मिमी झिजलेल्या फ्लँजसाठी व्यासातले २० मिमी गेले. म्हणून वर्कशॉपमध्ये थोड्या कमी जाडीचं प्रोफाइल कापून टायरचं आयुष्य वाचवतात. हा शहाणपणाचा मार्ग आहे, मात्र मोकळीक आणि क्रॉसिंगचा हिशेब नव्या जाडीने पुन्हा करून घ्या.

घरच्या वर्कशॉपमधल्या छोट्या इंजिनासाठी

५ इंच गेजवर (१२७ मिमी) माणसं ओढणारं वाफेचं इंजिन करणाऱ्यांनी मोठ्या फ्लँजला नुसतं प्रमाणात छोटं करू नये. १६७६ वरून १२७ वर येताना २८.५ मिमीची उंची २.२ मिमी होते. बागेतला मार्ग मुख्य मार्गाइतका सपाट कधीच नसतो. एखादा सांधा २ मिमी बसला की संपलं. ४ मिमी उंची ठेवा. या गेजवर बॅक-टू-बॅक ४ पूर्णांक ११/१६ इंच, म्हणजे ११९ मिमी ठेवतात. फ्लँज ३ मिमी जाड केली तर १२७ वजा १२५, म्हणजे २ मिमी मोकळीक मिळते. उतार २० ला १ तोच ठेवा. मुळाचा गोलावा तुमच्या रुळाच्या कोपऱ्याहून थोडा मोठा घ्या. छोटे रूळ बरेचदा साध्या चौकोनी पट्टीचे असतात, तेव्हा पट्टीचा वरचा आतला काठ कानशीने गोल केलेला असला पाहिजे, नाहीतर तो फ्लँजच्या मुळात रुतेल.

लेथवर क्रम असा ठेवा. बिडाच्या ओतीव चाकाची पाठ आधी फेस करा आणि त्याच सेटिंगमध्ये भोक बोअर करून रीमरने पूर्ण करा, म्हणजे पाठ आणि भोक नेमके काटकोनात येतात. बिडाची वरची कातडी कडक असते, पहिला काप तिच्या खाली जाईल इतका खोल घ्या, नाहीतर टूलची धार बोथट होते. मग सगळी चाकं एकामागून एक एकाच मँड्रेलवर चढवून ट्रेड आणि फ्लँज करा. क्रॉसस्लाइडची शेवटची खूण न हलवता सगळ्यांचा शेवटचा काप घेतला की व्यास जुळतात. १२० मिमीच्या चाकाला हायस्पीड टूलने ५० च्या आसपास आरपीएम पुरे. मुळाच्या गोलाव्यासाठी फॉर्म टूल लावताना त्याच्या निम्म्यावर या. तिथे थरथर सुरू झाली की पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि त्या घालवता घालवता फ्लँज बारीक होऊन जाते.

रुळावर उतरवल्यावर

प्रोफाइल गेज किंवा पत्र्याचं टेम्प्लेट प्रत्येक चाकाला लावून मागून उजेड धरा. फट कुठे दिसते ते मुळापाशी विशेष बघा. बॅक-टू-बॅक चाकाच्या परिघावर किमान तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगळे आले तर चाक ॲक्सलवर तिरकं बसलं आहे किंवा ॲक्सल वाकला आहे.

मग सगळ्या फ्लँजांना आणि मुळाला मार्किंग ब्लू नाहीतर ओल्या खडूचा पातळ हात द्या. इंजिन वाफेवर न नेता, ढकलत, तुमच्या सर्वांत तीव्र वळणातून आणि प्रत्येक क्रॉसिंगवरून दोन्ही दिशांनी न्या आणि चाकं बघा. रंग पुढच्या जोडचाकाच्या फ्लँजवर मुळापासून वर सलग पुसला गेला असेल तर आकार जमला. ट्रेडवर एक आणि फ्लँजवर वर एक असे दोन वेगळे पट्टे दिसले तर मुळाची त्रिज्या कमी पडते आहे. मधल्या चाकांच्या फ्लँजा आतल्या रुळाला घासत असतील तर पायरी ६ चा हिशेब पुन्हा काढा. आणि चाकाच्या पाठीवरचा रंग घासला असेल तर तो चेक रेलने घासला आहे. घासण्याची खूण नाकासमोरच्या भागापुरती असेल तर चेक रेल आपलं काम करते आहे. ती पाठीवर खोलवर, फ्लँजच्या टोकापर्यंत ओरखडत गेली असेल तर बॅक-टू-बॅक कमी आहे, आणि चाकं ॲक्सलवरून काढून पुन्हा बसवण्यावाचून त्याला दुसरा इलाज नाही.